अमेरिकेत पोलीस वाईट वागला तर कंप्लेंट कशी करायची, आणि त्याआधी रस्त्यावर काय करायचं

माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. सकाळी फिरायला जायचे, दमले की कुठल्यातरी घरासमोरच्या कठड्यावर टेकायचे, जसं साताऱ्याला कुणाच्याही ओट्यावर टेकतात तसं. एक दिवस कुणीतरी फोन केला असावा, पोलिसाची गाडी आली. बाबांनी खिशातून फोन काढायला हात घातला, मला लावायला, तर पोलीस ओरडला, बाबा आणखी घाबरले, मग त्याने त्यांना गाडीवर हात ठेवून उभं केलं, खिशात हात घालून सगळं बाहेर काढलं आणि त्यात निघाली चुन्याची डबी. आता अमेरिकन पोलिसाला चुना म्हणजे काय हे एका चौसष्ट वर्षांच्या मोडक्या इंग्लिश बोलणाऱ्या माणसाने कसं समजवायचं! पाऊण तास फूटपाथवर बसवून ठेवलं, त्यांच्या बोलण्याची नक्कल केली, मग सोडून दिलं. तिकीट (म्हणजे दंडाची पावती) नाही, कागद नाही, काहीच नाही. गावाचं नाव सांगत नाही, तिथेच राहतो अजून.

आम्ही कंप्लेंट केली. त्यात दहा चुका केल्या, त्यातूनच हे शिकलो. मी वकील नाही हे आधीच सांगतो, पण जे करून बघितलंय आणि नंतर वाचून घेतलंय ते लिहितोय. न्यू जर्सीची माहिती जास्त आहे कारण मी इथला, बाकी राज्यांत तारखा आणि नावं बदलतात, पद्धत साधारण तीच.

पहिली गोष्ट, रस्त्यावर वाद घालायचा नाही. आपल्याकडे पोलिसाने गाडी थांबवली की आपण लगेच खाली उतरतो, जवळ जातो, हात जोडून साहेब साहेब करतो, तो आदर असतो. इथे हेच सगळ्यात डेंजर. गाडी थांबवल्यावर आत बसून राहायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, रात्र असेल तर आतला लाइट लावायचा, आणि ग्लव्ह बॉक्समधून रजिस्ट्रेशन काढायचं असेल तर आधी तोंडाने सांगायचं की मी आता ग्लव्ह बॉक्स उघडतोय. त्याने उतरा म्हटलं तर मात्र उतरायचं, १९७७ पासून सुप्रीम कोर्टाने पोलिसांना तो अधिकार दिलेला आहे आणि १९९७ पासून सोबत बसलेल्यांनाही लागू आहे, त्यामुळे तिथे "का उतरू" करून उपयोग नाही. आणि चहापाण्याचा विषय चेष्टेतसुद्धा काढायचा नाही, लायसन्सच्या मागे वीसची नोट ठेवलीत तर तो लाच देण्याचा गुन्हा, सरळ हातकड्या.

तिकीट दिलं आणि सही मागितली तर सही करा. सही म्हणजे गुन्हा कबूल असं नसतं, कोर्टात येईन किंवा पैसे भरेन एवढंच. खूप लोक इथे अडून बसतात आणि साधं प्रकरण उगाच मोठं होतं.

मग हक्क कुठे वापरायचे? तीन वाक्यं पाठ करून ठेवा, शांत आवाजात म्हणायची. आय डोन्ट कन्सेन्ट टु अ सर्च. ॲम आय फ्री टु गो. आणि पकडलंच तर आय वॉन्ट टु रिमेन सायलेंट, आय वॉन्ट अ लॉयर. पहिल्या वाक्याने झडती थांबेलच असं नाही, पण ते बॉडीकॅमवर, म्हणजे पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यावर, रेकॉर्ड होतं आणि पुढे कामाला येतं. तो तरी झडती घेत असेल तर हात मधे घालायचा नाही, अंग आक्रसून घ्यायचं नाही, नाहीतर "रेझिस्टिंग" चा, म्हणजे पोलिसाला विरोध केल्याचा, शिक्का लागतो आणि मूळ विषय बाजूलाच राहतो. बाबांच्या बाबतीत मुद्दा हाच होता. हत्यार असल्याचा खरा संशय असेल तर कपड्यांवरून चाचपता येतं, हा १९६८ चा निकाल, पण थेट खिशात हात घालून डबी काढणं ही वेगळी गोष्ट, त्याला त्याहून जास्त कारण लागतं. हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं, आम्ही फक्त "त्रास दिला" असं लिहिलं होतं. फोनचं पण तसंच, २०१४ पासून फोन आत उघडून बघायला वॉरंट लागतं, तुम्ही अनलॉक करून हातात दिलात तर मात्र ती तुमची संमती.

फोनवर पोलिसाचं शूटिंग करता येतं का? येतं. सार्वजनिक जागी ड्युटीवरच्या पोलिसाचं शूटिंग करणं हा हक्क आहे असं बऱ्याच फेडरल अपील कोर्टांनी म्हटलंय, बॉस्टनकडच्या कोर्टाने २०११ मध्ये, आमच्या न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टाने २०१७ मध्ये. फक्त उघडपणे करा, लांबून करा, मागे सरका म्हटलं तर सरका आणि शूटिंग चालू ठेवा. फ्लोरिडाने तर इशारा दिल्यानंतर २५ फुटांच्या आत येऊन अडथळा आणणाऱ्यांवर कायदाच केलाय. शूटिंगचं महत्त्व किती हे मिनियापोलिसने दाखवलंय. २५ मे २०२० ला तिथे पोलिसाच्या गुडघ्याखाली दबून जॉर्ज फ्लॉइड गेला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या प्रेसनोटचा मथळा होता की पोलिसांशी संबंध आला असताना एका माणसाचा मेडिकल कारणाने मृत्यू. गुडघ्याचा उल्लेखच नाही. सतरा वर्षांच्या मुलीने फोनवर काढलेला व्हिडिओ आला नसता तर ती प्रेसनोटच इतिहास झाली असती. साडेनऊ मिनिटांचा तो गुडघा कोर्टात पोचला, त्या पोलिसाला, डेरेक शॉव्हिनला, साडेबावीस वर्षं झाली, आणि शहराने कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर दिले. शॉव्हिनवर आधी डझनभराहून जास्त कंप्लेंट झालेल्या होत्या हे पण तेव्हाच बाहेर आलं. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येतो यावर.

आता घरी आलात. हात थरथरतायत, बायको रडतेय, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई झालीये. थांबा. आधी वही घ्या. त्याच रात्री लिहायचं, सकाळी नाही, कारण झोपून उठल्यावर आठवणी आपोआप नीटनेटक्या होतात आणि मग त्या बॉडीकॅमशी जुळत नाहीत, आणि एक जरी गोष्ट जुळली नाही की समोरचा म्हणणार बाकीचं पण खोटं. वेळ, रस्त्याचं नाव, समोर कुठलं दुकान, गाडीवर कुठल्या खात्याचं नाव आणि गाडीचा नंबर, पोलिसाचं नाव किंवा बॅज नंबर, दिसला नसेल तर उंची, दाढी, चष्मा, किती जण होते, कोण काय बोललं. बोललेलं जसंच्या तसं लिहा, शिवी असेल तर शिवी, आपल्या संस्कारी भाषेत "अपशब्द" लिहू नका. आम्ही बाबांना मराठीत बोलायला लावलं आणि मी रेकॉर्ड करून घेतलं, भाषांतर नंतर. नेमकं तेवढं एक आम्ही बरोबर केलं.

मार लागला असेल तर त्याच दिवशी अर्जंट केअरला जा आणि डॉक्टरला सांगा की कशाने लागलं ते नोंदीत लिहा. फोटो त्या दिवशी काढा आणि परत दोन-तीन दिवसांनी काढा, काळंनिळं नंतरच उठतं. शेजाऱ्यांच्या दाराच्या कॅमेऱ्यात काही आलंय का ते लगेच विचारा, ती फुटेज थोड्या दिवसांनी आपोआप उडतात. आम्ही नऊ दिवसांनी विचारलं. समोरच्या बाई चांगल्या होत्या, शोधलं त्यांनी, पण उडालं होतं.

इथे सगळ्यात घोळ होतो तो म्हणजे कंप्लेंट कुणाकडे. भारतात कसं, महाराष्ट्र पोलीस म्हटलं की वरपासून खालपर्यंत एकच खातं. अमेरिकेत अशी वेगवेगळी साधारण १८,००० खाती आहेत. गावाचे पोलीस वेगळे, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरिफ वेगळा, हायवेवरचे स्टेट ट्रूपर वेगळे, युनिव्हर्सिटीचे वेगळे, ट्रेनचे वेगळे. टर्नपाइकवर, म्हणजे न्यू जर्सीच्या टोल हायवेवर, थांबवणारा ट्रूपर असतो, त्याची कंप्लेंट गावच्या स्टेशनात घेऊन गेलात तर ते नुसते खांदे उडवणार. म्हणून गाडीवर काय लिहिलंय ते बघा म्हटलं. बाय द वे, याच टर्नपाइकवर रंग बघून गाड्या थांबवतात म्हणून १९९९ मध्ये फेडरल सरकारने न्यू जर्सी स्टेट पोलिसांना कोर्टाच्या देखरेखीखाली आणलं होतं, ती देखरेख २००९ पर्यंत चालली, म्हणजे हे काही आपल्या मनाचे खेळ नाहीत.

खातं कळलं की त्याचं इंटर्नल अफेअर्स, म्हणजे स्वतःच्याच पोलिसांची चौकशी करणारी शाखा, शोधा. आता तुम्ही म्हणाल कुंपणानेच शेत खाल्लं तर कुंपणाकडेच कंप्लेंट करायची का. बऱ्याच गावांत दुर्दैवाने हो, पोलीसच पोलिसाची चौकशी करतात. मोठ्या शहरांत वेगळी ऑफिसं आहेत. न्यूयॉर्कला सीसीआरबी, जिथे १९९३ पासून सगळे सिव्हिलियन आहेत, पोलीस नाहीत, ते जबरदस्ती, अधिकाराचा गैरवापर, उद्धटपणा आणि अपमानकारक भाषा अशा विषयांच्या कंप्लेंट घेतात, पण शिक्षेचा शेवटचा शब्द कमिशनरचाच. शिकागोला कोपा, सिॲटलला ओपीए. न्यू जर्सीत गावच्या खात्यावर विश्वास नसेल तर काउंटी प्रॉसिक्युटरच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, ऑफिसकडे जाता येतं, मी परत केलं तर तिथूनच सुरुवात करेन.

न्यू जर्सीत ॲटर्नी जनरलचा नियम आहे की कंप्लेंट कुणाचीही, कधीही, निनावी असली तरी घ्यायचीच, फोनवर पण. तरी खिडकीवरचा सार्जंट गोड बोलून परतवायला बघतो, "मी बोलतो त्याच्याशी, कशाला कागद करताय" वगैरे. हे ऐकून मला अगदी आपल्याकडचा अदखलपात्र आठवला. तुम्ही फक्त म्हणायचं, थँक यू, पण मला फॉर्म द्या. फॉर्म नसेल तर साधं पत्र पण चालतं. ईमेलने पाठवा म्हणजे तारीख राहते, प्रत्यक्ष दिलंत तर कॉपीवर शिक्का किंवा घेणाऱ्याचं नाव आणि केस नंबर घ्या.

पण, हे फार महत्त्वाचं आहे, तुमच्यावर काही क्रिमिनल चार्ज लागला असेल, अगदी किरकोळ का असेना, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळ पण लिहून देऊ नका. कंप्लेंटमध्ये लिहिलेलं तुमच्याच केसमध्ये तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. उलट पोलिसाला मात्र खात्याने नोकरीची धमकी देऊन घेतलेला जबाब त्याच्याविरुद्ध क्रिमिनल केसमध्ये वापरता येत नाही, १९६७ चा निकाल, आणि तो निकाल न्यू जर्सीचाच, घ्या!

लिहायचं कसं? आमचं पहिलं ड्राफ्ट वाचून माझ्या ऑफिसातल्या एका अनुभवी बाईंनी लाल पेनाने अर्धं खोडलं. आम्ही लिहिलं होतं की ऑफिसर रेसिस्ट होता, अत्यंत उद्धट होता, वयस्कर माणसाचा मान ठेवला नाही. त्या म्हणाल्या, यात चौकशी करणार काय? मग आम्ही लिहिलं की ७ वाजून ५० मिनिटांनी त्याने उजव्या खिशात हात घालून डबी काढली, संमती विचारली नाही, बाबा "नो इंग्लिश, माय सन, फोन" म्हणत होते तेव्हा त्याने तेच शब्द त्याच हेलात दोनदा परत म्हटले आणि दुसरा पोलीस हसला. दुभाषा बोलावला नाही. प्रत्येक गोष्टीला वेगळा नंबर, आरोप एक, आरोप दोन, आरोप तीन, कारण निकाल प्रत्येक आरोपाचा वेगळा लागतो आणि एकाच परिच्छेदात सगळं कोंबलं तर सगळंच एकदम बुडतं. शेवटी एक ओळ, बॉडीकॅम जपून ठेवा.

बॉडीकॅमची ओळ म्हणजे जीव आहे या सगळ्याचा. न्यू जर्सीत फुटेज कमीत कमी १८० दिवस ठेवतात, कंप्लेंट झाली किंवा फुटेजमधल्या माणसाने मागणी केली की तीन वर्षं. दुसऱ्या राज्यांत याहून कमी दिवस पण असतात. कॉपी मागायला आमच्याकडे ओप्रा नावाचा कायदा आहे, आपला आरटीआय समजा, न्यूयॉर्कला त्याला फॉइल म्हणतात. फेडरल एफओआयए गावच्या पोलिसांना लागूच होत नाही, बरेच लोक तो फॉर्म भरून बसतात. तारीख, वेळ, जागा, ऑफिसरचं नाव एवढं नेमकं लिहा, "सगळं द्या" म्हटलं की नकार. फाइल आली की सुरुवातीला आवाज नसेल, आम्हाला वाटलं मुद्दाम उडवला, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत बटन दाबायच्या आधीची ३० सेकंद मागून जोडली जातात आणि ती मुकीच असतात. नकार आला तरी सोडू नका. शिकागोत लॅक्वान मॅकडॉनल्ड नावाच्या १७ वर्षांच्या मुलाला २०१४ मध्ये १६ गोळ्या घातल्या, शहराने व्हिडिओ वर्षभर दाबून ठेवला, एका फ्रीलान्स पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली केस केली तेव्हा कोर्टाने बाहेर काढायला लावला आणि ज्या दिवशी व्हिडिओ आला त्याच दिवशी त्या पोलिसावर खुनाचा आरोप लागला.

आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न, व्हिसा. मंडळाच्या गणपतीत मी हा विषय काढला तर चार जणांनी एकच सांगितलं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तू एच-वनवर, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. भीती मला समजते, गेल्या काही वर्षांत तर जास्तच. पण पोलिसाविरुद्ध कंप्लेंट केली म्हणून व्हिसा रद्द करा असा कुठलाही नियम नाही, आणि त्यासाठी स्टेटस सांगायचीही गरज नाही. त्रास होतो तो अटकेने, विशेषतः दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटकेने, त्याला घाबरा. अटक झालीच तर भारतीय कॉन्सुलेटला कळवा असं तोंडाने म्हणा, काही देशांच्या बाबतीत ते आपोआप कळवतात पण भारत त्या यादीत नाही, मागावं लागतं. आणि आई-वडील येणार असतील तर त्यांच्या खिशात आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची) प्रिंट, पासपोर्टची झेरॉक्स आणि तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेलं कार्ड ठेवा. इमिग्रेशनवाल्यांच्या कंप्लेंटचे दरवाजे मात्र वेगळे, ते फेडरल लोक, हे सगळं त्यांना लागू नाही.

पैशाची केस करायची का हा वेगळा रस्ता. कंप्लेंट, क्रिमिनल केस आणि नुकसानभरपाई हे तीन वेगळे रूळ, एकावर गाडी अडली म्हणून दुसऱ्यावर अडते असं नाही. जाह्नवी कंदुला आठवते का, सिॲटलला शिकणारी आंध्रची मुलगी, जानेवारी २०२३ मध्ये पोलिसाच्या गाडीने उडवलं, ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर ७४ मैलांचा स्पीड. प्रॉसिक्युटरने मोठा गुन्हा लावायला नकार दिला. पण दुसऱ्या एका पोलिसाचं हसत हसत तिची "लिमिटेड व्हॅल्यू" म्हटलेलं त्याच्याच बॉडीकॅमवर पकडलं गेलं, त्याची नोकरी जुलै २०२४ मध्ये गेली, आणि गाडीवाल्याची जानेवारी २०२५ मध्ये. उलटं उदाहरण अलाबामातलं, २०१५, नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा, फूटपाथवर चालत होते, इंग्लिश येत नव्हतं, पोलिसाने जमिनीवर आपटलं, मणक्याचं ऑपरेशन. व्हिडिओ असून दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी जज्जने पोलिसाला सोडलं. सिव्हिल केस मात्र चालू राहिली आणि पुढे कित्येक वर्षांनी शहराकडून भरपाई मिळाली.

सिव्हिल केसचा कायदा १८७१ चा आहे, सेक्शन १९८३ म्हणतात, आणि त्याच्या वाटेत क्वालिफाइड इम्युनिटी नावाची भिंत. तिचा साधा अर्थ असा की हुबेहूब असंच वागणं चुकीचं आहे असा निकाल आधी लागलेला नसेल तर पोलीस बऱ्याचदा सुटतो. कोलोरॅडोने २०२० मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यापुरती ती भिंत पाडली, बहुतेक ठिकाणी आहे. मुदती बघा, न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये राज्याच्या कायद्याखाली दावा करायचा तर ९० दिवसांत नोटीस, कॅलिफोर्नियात सहा महिने, आणि सेक्शन १९८३ च्या केसला न्यू जर्सीत दोन वर्षं, न्यूयॉर्कला तीन. इंटर्नल अफेअर्सच्या उत्तराची वाट बघत बसलात तर ९० दिवस कधी गेले कळणार नाही. आमचे असेच गेले.

वॉशिंग्टनला जस्टिस डिपार्टमेंटच्या सिव्हिल राइट्सकडे ऑनलाइन फॉर्म आहे, भरून ठेवा, दहा मिनिटं लागतात. फार आशा ठेवू नका, मे २०२५ मध्ये त्यांनी मिनियापोलिस आणि लुइव्हिलच्या पोलिसांवरच्या देखरेखीचे करार पण सोडून दिले.

निकाल पत्राने येतो. सस्टेन्ड म्हणजे सिद्ध, नॉट सस्टेन्ड म्हणजे पुरावा कमी, अनफाउंडेड म्हणजे घडलंच नाही, एक्झॉनरेटेड म्हणजे घडलं पण नियमात बसतं. आमचं पत्र साडेतीन महिन्यांनी आलं. नक्कल करणं सस्टेन्ड, खिशात हात घालणं नॉट सस्टेन्ड, दुभाषा न बोलावणं एक्झॉनरेटेड. काय शिक्षा झाली ते लिहिलेलं नव्हतं. गॅलपच्या सर्व्हेत पोलिसांवर भरवसा असणारे अमेरिकन २०२३ मध्ये ४३ टक्के होते, २०२४ मध्ये ५१, ते पत्र वाचून मी कुठल्या बाजूचा हे मलाच ठरवता येईना.

ते पत्र फेकू नका, केस नंबरसकट फाइलला लावा. शॉव्हिनच्या त्या जुन्या कंप्लेंट कुणीतरी कधीतरी कंटाळून, काही होणार नाही असं म्हणत म्हणतच लिहिल्या असणार. बाबांना मी पत्र फोनवर मराठीत वाचून दाखवलं, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, डबी परत दिली का त्यांनी?